विज्ञान दिनाचा हॉल नको, सहावीची एक तुकडी मागा

तुम्ही शास्त्रज्ञ आहात हे एकदा कळलं की फेब्रुवारीत शाळांचे फोन सुरू होतात. सी. व्ही. रामन यांनी आपला शोध लावला तो दिवस 28 फेब्रुवारी 1928 आणि 1987पासून तोच राष्ट्रीय विज्ञान दिन. त्यामुळे वर्षभराचं विज्ञान त्या आठवड्यात उरकायची सगळ्यांना घाई असते. "मॅडम, तासभर बोला, पाचवी ते नववी सगळ्यांना हॉलमध्ये बसवतो." नव्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं. जितकी जास्त मुलं तितकं मोठं काम, असं वाटायला लागतं. हाच सापळा आहे. मी त्यात बराच काळ अडकून होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हॉलमध्ये आधी दीपप्रज्वलन, मग ईशस्तवन, पाहुण्यांची ओळख, शाल-श्रीफळ. तुमच्या तासातला बराचसा वेळ तिथेच जातो. पुढे जमिनीवर पाचवीची मुलं, त्यांना रेणू म्हणजे काय ते अजून शिकवलेलं नाही. मागे नववी, तिला ते सगळं पाठ आहे. दोघांनाही पुरेल असं बोलायला गेलात की भाषण गोष्टींवर आणि किश्श्यांवर येतं. शेवटी प्रश्नोत्तरं होतात, पण प्रश्न आधीच चिठ्ठ्यांवर लिहून ठरलेल्या चार मुलांना दिलेले असतात. फोटो होतात, मुख्याध्यापक खूश, तुम्हीही खूश. त्या तासात एकाही मुलाने हाताने काहीही केलेलं नसतं. पुढच्या वर्षी पुन्हा फोन येतो आणि पुन्हा तेच.

थेट नकार देऊ नका, अट घाला. "येते, पण सहावीची एकच तुकडी द्या, दोन तास जोडून द्या, आणि पुढच्या सत्रात त्याच मुलांकडे परत येऊ द्या." काही शाळा यावर फोन ठेवतात. ठेवू देत. ठाणे-नवी मुंबईत, कळव्यापासून नेरूळपर्यंत, शाळांना तोटा नाही.

मी पेशाने रसायनशास्त्रज्ञ, नोकरी रबाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यात. पण शाळेत माझा विषय नेत नाही. तुम्हीही आपला प्रबंध घरी ठेवा. मी नेते ती एक मीटरची काठी, ओळंबा, खडू आणि मोजपट्टी. साडेअकराला मैदानात काठी ओळंब्यात उभी करायची, सावलीच्या टोकाला दर पाच मिनिटांनी खूण करायची. त्याआधी एकच प्रश्न फळ्यावर लिहायचा: सावली सर्वांत लहान किती वाजता होईल? सगळा वर्ग सांगतो, बाराला. बारा वाजतात आणि सावली आखडतच राहते. सव्वाबारा होतात, साडेबारा होतात. कोणीतरी म्हणतं, काठी वाकडी आहे. मग ओळंबा लावून तपासणी, घड्याळावर शंका, खुणांवरून भांडण. तेव्हा तुम्ही गप्प राहायचं. नव्या माणसाला हे सर्वांत जड जातं.

फेब्रुवारीच्या शेवटी ठाण्यात सूर्य आकाशात सर्वांत उंच येतो तो 12 वाजून 50 मिनिटांच्या आसपास, आणि तेव्हा मीटरभर काठीची सावली साधारण 51 सेंटिमीटर पडते. आपली घड्याळं 82.5 अंश पूर्व रेखांशावर चालतात, ठाणे आहे 73 अंशांच्या आसपास, आणि एका अंशाला 4 मिनिटं. म्हणजे 38 मिनिटांचा उशीर इथेच झाला. उरलेली बारा-तेरा मिनिटं पृथ्वीची लंबवर्तुळी कक्षा आणि कललेला आस यांची. हा दुसरा भाग सहावीत सांगू नका. नोव्हेंबरच्या मध्यात त्याच मुलांकडून पुन्हा मोजून घ्या. तेव्हा सर्वांत लहान सावली 12 वाजून 23 मिनिटांच्या आसपास येते आणि 77 सेंटिमीटर भरते. मग कारण तीच विचारतात.

दोन पाळ्यांची शाळा असेल तर नेमक्या याच वेळी सकाळची पाळी सुटते. मैदानाचा कोपरा आधी मागून ठेवा, नाहीतर खडूच्या खुणा पायाखाली जातील. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहीशी होते तो, मात्र शाळेसाठी ठरवू नका. आपल्याकडे तो मेच्या मध्यात आणि जुलैच्या शेवटी येतो: एकदा सुट्टी, एकदा ढग. मे महिन्यातला सोसायटीच्या गच्चीवर करा. आजी-आजोबाही येतात.

खायचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी कृपा करून बंद करा. टाळ्या मिळतात, पण ज्वालामुखी तसा होतच नाही, आणि मुलांच्या डोक्यात तोच बसतो. दुसऱ्याचे तयार पीपीटीही नकोत.

मार्गदर्शक शोधायचा तर मंचावर गाजलेला वक्ता शोधू नका. त्या शाळेच्या विज्ञानाच्या बाईंना विचारून त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसा. कुठला मुलगा कधी गोंधळतो हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. वाशीची खाडी ओलांडली की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, 1974पासूनचं. मराठी विज्ञान परिषद तर 1966पासून मराठीत हेच काम करते आहे. या दोन्ही ठिकाणी जरूर जा.

पालक भेटले की पहिला प्रश्न बालवैज्ञानिक स्पर्धेचा असतो: "तयारी करून घ्याल का?" ही परीक्षा सहावी आणि नववीची, त्यामुळे त्या वर्गांत तर हटकून. परीक्षा चांगली आहे, पण तुम्ही क्लास उघडलेला नाही हे पहिल्याच भेटीत सांगा. एकदा हो म्हणालात की काठी कोपऱ्यात पडते आणि प्रश्नसंच हातात येतो.

सरकारी संस्थेत असाल तर कार्यालयाची परवानगी लेखी घ्या, मानधनाचं पाकीट घेण्याआधी तर नक्कीच. यात हयगय नको.

आणि घाबरू नका. कृष्णविवरापासून ग्रहणात जेवावं की नाही इथपर्यंत काहीही विचारतील. येत नसेल तर "माहीत नाही" म्हणा, प्रश्न मुलाच्या नावासकट वहीत लिहून घ्या आणि पुढच्या वेळी त्यालाच आधी उत्तर द्या. नाव लक्षात ठेवलंत याचंच त्याला अप्रूप वाटतं. अडखळत बोललात तरी चालतं, मुलं सांभाळून घेतात.

शाळेशी बोलणं जुलैतच करा. गणपती, सहामाही आणि दिवाळीची सुट्टी गेल्यावर मधे फार कमी शनिवार उरतात. आणि पहिल्या भेटीनंतर शाळेतून निघण्याआधी दुसऱ्या भेटीची तारीख बाईंच्या वहीत लिहून घ्या, फोनवर नंतर ठरवू म्हणालात की ती फेब्रुवारीपर्यंत जाते.