ध्रुवावरचा ओझोन मोजताना या चुका टाळा

ध्रुवीय ओझोनच्या नोंदी माझ्याकडे तपासायला येतात आणि त्यांत दरवेळी त्याच त्या चुका सापडतात. आता खरंच कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

मध्य अक्षांशांवर ३०० डॉब्सन युनिटच्या (डोक्यावरच्या हवेतला एकूण ओझोन मोजायचं एकक) आसपासचा ओझोन मोजताना थोडंफार इकडेतिकडे झालं तरी खपून जातं. अंटार्क्टिकावर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला १४ ते २० किलोमीटर उंचीच्या पट्ट्यातला ओझोन जवळजवळ संपलेला असतो, हेच ओझोन विवर. तिथे तुमचं शून्य चुकलं की पुढचं सगळंच चुकलं.

बॅकग्राउंड करंट उरकून टाकणं

ही माझ्या सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक. फुग्याबरोबर जाणाऱ्या ईसीसी ओझोनसोंडमध्ये (विद्युतरासायनिक सेलवर चालणारं ओझोन मोजायचं छोटं यंत्र, पुढे नुसतं 'सोंड') एक छोटा पंप मिनिटाला साधारण २०० मिलिलिटर हवा सेलमधल्या पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात सोडतो. ओझोनच्या प्रत्येक रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन वाहतात आणि तो करंट आपण मोजतो. पण ओझोन अजिबात नसलेली हवा सोडली तरी थोडा करंट वाहतोच. तो आधी मोजून ठेवायचा आणि नंतर वजा करायचा.

सर्वसाधारण पंपाला १ मायक्रोअँपिअर म्हणजे सुमारे साडेतीन मिलिपास्कल ओझोनचा दाब. ओझोनच्या थराचं शिखर एरवी १५ मिलिपास्कलच्या आसपास असतं, त्यामुळे बॅकग्राउंड ०.०५ मायक्रोअँपिअरने चुकला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. ओझोन विवराच्या आत, १७ किलोमीटरवर मात्र उरलेला सगळा ओझोनच तेवढा असू शकतो.

एका तळावर नव्याने आलेल्या मुलाने केलेलं उड्डाण मला चांगलं आठवतंय. मुलगा हुशार, पण जरा धीर कमी. सेलला १० मिनिटं ओझोन पाजल्यावर पुढची १० मिनिटं ओझोनमुक्त हवा सोडायची आणि मगच बॅकग्राउंड वाचायचा, अशी पद्धत. बाहेर वारा वाढत होता, म्हणून त्याने तिसऱ्याच मिनिटाला आकडा लिहिला: ०.१८ मायक्रोअँपिअर. ओझोनचा परिणाम सेलमधून हळूहळू उतरतो, तेव्हा त्या आकड्यातला बराचसा भाग बॅकग्राउंड नव्हताच. फुगा छान वर गेला आणि आलेखात १५ ते १९ किलोमीटर सरळ शून्याची रेघ आली. तळावर आनंदीआनंद, संपूर्ण ऱ्हासाची नोंद मिळाली म्हणून!

मी कच्ची फाइल मागवली. त्या उंचीवर मूळ करंट ०.०८ होता. त्यातून ०.१८ वजा केल्यावर उत्तर ऋण आलं होतं आणि प्रोग्रॅमने प्रत्येक ऋण आकड्याच्या जागी निमूटपणे शून्य घातलं होतं. शिवाय जमिनीलगत सोंडचा आकडा तळावरच्या पृष्ठभाग ओझोन मापकापेक्षा जवळपास पाचव्या हिश्शाने कमी होता. उड्डाणाआधी ती एक तुलना केली असती तरी चूक तिथेच सापडली असती.

म्हणून माझा शिरस्ता असा. दहाव्या मिनिटाला बॅकग्राउंड वाचायचा आणि सोडण्याआधी ओझोन फिल्टर लावून परत वाचायचा. दोन्ही जुळले नाहीत तर सोंड उडवायचा नाही. ०.१ च्या वर गेला तर द्रावण बदलायचं. आणि ऋण आकडे कधीही पुसायचे नाहीत, कारण चूक कुठे आहे ते दाखवणारी तेवढीच एक खूण असते. 'वारा वाढत होता' हे कारण मला पटत नाही. एक दिवस थांबा. चुकीचं उड्डाण नोंदवहीत कायमचं बसतं आणि पुढे कोणीतरी त्यावरून कल काढतो. मागच्या उड्डाणांची सरासरी काढून तीच बॅकग्राउंड म्हणून वापरणारेही भेटतात. प्रत्येक सेल वेगळा असतो, हे त्यांना कितीदा सांगायचं?

सोंडबाबत आणखी काही, भराभर. १ टक्क्याचं पूर्ण बफरचं (बफर म्हणजे द्रावणाची आम्लता स्थिर ठेवणारे क्षार) द्रावण आणि ०.५ टक्क्याचं अर्ध्या बफरचं द्रावण यांची अदलाबदल करू नका. ज्या कंपनीचा सोंड, तिने सांगितलेलंच वापरा, आणि बाटलीवर तारीख घाला. सेलच्या आतल्या भागांना उघड्या हाताने शिवू नका. गारठलेलं रबर लवकर फुटतं, तेव्हा फुगा आधी ऊब देऊन मऊ करून घ्या. फुगा ऱ्हासाच्या पट्ट्यातच फुटला तर एकूण स्तंभाचा आकडा देऊ नका. वरच्या हवेतलं ओझोनचं प्रमाण फुटण्याच्या उंचीवर होतं तेवढंच राहील हे गृहीतक विवराच्या आत टिकत नाही.

सूर्य क्षितिजाला टेकलेला असताना घाई

ध्रुवीय रात्र संपली की सगळ्यांना पहिलं माप घ्यायचं असतं. डॉब्सन स्पेक्ट्रोफोटोमीटर हे जमिनीवरचं यंत्र ओझोनने जास्त शोषलेल्या आणि कमी शोषलेल्या अतिनील तरंगलांबींच्या जोड्यांची तुलना करतो. सूर्य फार खाली असला की प्रकाशाची वाट लांबते, छोट्या तरंगलांबीचा प्रकाश जवळजवळ संपतो आणि यंत्रात शिरलेला भटका प्रकाश त्याची जागा घेतो. परिणामी ओझोन खऱ्यापेक्षा कमी दिसतो, म्हणजे नेमका आपल्याला हवा तसा. अशा वेळी तरंगलांबींची नेहमीची एडी जोडी सोडून सीडी जोडी घ्या, किंवा सूर्य वर येईपर्यंत धीर धरा. क्यू लिव्हर (तरंगलांबी जुळवायचा दांडा) लावण्याआधी यंत्रातला थर्मामीटर दरवेळी वाचा. गरम खोलीतून थंड छतावर नेलेल्या यंत्राला सकाळचं सेटिंग दुपारी चालत नाही.

उपग्रहाच्या नकाशात हिवाळ्यात ध्रुवाभोवती रिकामा गोल दिसतो. तिथे सूर्यप्रकाश नसतो, म्हणून परावर्तित अतिनील किरणांवरून माप घेता येत नाही. त्याला विवर म्हणू नका.

कमी दिसला म्हणजे नष्ट झाला

ही दुसरी डोक्यात जाणारी चूक. आर्क्टिकवर ती हमखास होते. स्टेशनवर दोन दिवसांत ओझोन १०० डॉब्सनने खाली आला की लोक लगेच ओझोन मोडणाऱ्या क्लोरीनचं नाव घेतात. पण बहुतेकदा ध्रुवीय भोवऱ्याची (हिवाळ्यात ध्रुवाभोवती उंचावर फिरणारी थंड हवा) कड स्टेशनच्या डोक्यावरून सरकलेली असते. काल तुम्ही भोवऱ्याबाहेरची हवा मोजली, आज आतली. एकही रेणू न मोडता आकडा पडतो. उलटही घडतं: हिवाळाभर भोवऱ्याच्या आत हवा खाली उतरत असते आणि वरून ओझोन आणून रासायनिक ऱ्हास झाकून टाकते.

यावर उतारा म्हणजे उंचीऐवजी विभव तापमानाच्या (हवा जमिनीलगतच्या ठरावीक दाबावर आणली तर होईल ते तापमान) पातळ्यांवर बघणं आणि विभव भ्रमिलतेवरून (हवेच्या फिरण्याचं माप) स्टेशन भोवऱ्याच्या आत आहे की बाहेर ते रोज लिहून ठेवणं. त्यापुढचा प्रश्न म्हणजे ऱ्हास नेमका किती. त्यासाठी १९९० च्या दशकात मॅच पद्धत वापरात आली: वाऱ्यांवरून हवेच्या एकाच पुंजक्याचा मार्ग काढायचा, तो दुसऱ्या स्टेशनवर पोचेल तेव्हा तिथून सोंड सोडायचा आणि त्याच हवेतला फरक बघायचा. नायट्रस ऑक्साइडसारख्या दीर्घायुषी वायूशी ओझोनचं नातं तपासणं हा आणखी एक मार्ग. २०२० च्या वसंतात आर्क्टिकचा भोवरा एप्रिलपर्यंत टिकला आणि ओझोन विक्रमी खाली गेला. त्यातही रासायनिक ऱ्हासाच्या जोडीला बाहेरून ओझोनचा पुरवठा कमी झाल्याचा वाटा होता. हे वेगळं न काढता लिहिलेला अहवाल मी पुढे पाठवत नाही.

तापमान बघायचं राहून गेलेलेही अनेक असतात. ध्रुवीय स्थितांबरी ढग (स्थितांबर म्हणजे ओझोनचा थर असलेली उंचावरची हवा) साधारण उणे ७८ अंशांखाली बनू लागतात आणि त्यांच्या कणांवर क्लोरीन मोकळं होण्याची तयारी होते. तुमच्या उड्डाणात तापमान तिथवर पोचलेलंच नसेल, तर रासायनिक ऱ्हासाचा दावा करण्याआधी परत विचार करा.

न पटणारा आकडा बाजूला सारणं

अंटार्क्टिकावरच्या हॅली तळाच्या नोंदींवरून फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये ऱ्हास जाहीर केला. ओझोन मोजणाऱ्या निम्बस-७ उपग्रहाच्या प्रोग्रॅममध्ये १८० डॉब्सनखालच्या मापांवर संशयाची खूण पडत होती. ती मापं फेकून दिली गेली असं सर्रास सांगतात, ते खरं नाही. ती जपलेली होती, म्हणून पुन्हा तपासता आली. दक्षिण ध्रुवावरचं जमिनीवरचं यंत्र त्या काळात ३०० च्या आसपास दाखवत होतं आणि चूक त्याच यंत्राची होती, हे नंतर कळलं. खूण जरूर लावा, पण फाइलमधून काही काढू नका.

आर्क्टिकच्या किनाऱ्यावर वसंतात जमिनीलगतचा ओझोन कधीकधी शून्यावर येतो. तो समुद्री बर्फाजवळच्या ब्रोमीनचा परिणाम असतो. पंप बंद पडलेला नसतो आणि स्थितांबराशीही त्याचा संबंध नसतो. वर सांगितलेली पृष्ठभागाची तुलना अशा दिवशी उपयोगाची नाही, एवढं ध्यानात ठेवा.

दोन वर्षांवरून कल काढणं

२००२ मध्ये अंटार्क्टिकचं विवर दुभंगलं, २०१९ मध्ये ते फार लहान राहिलं. दोन्ही वेळा स्थितांबर अचानक तापलं होतं. क्लोरीन काही एका वर्षात कमी झालं नव्हतं. अंटार्क्टिकचा ओझोन १९८० च्या पातळीवर यायला साधारण २०६६ उजाडेल असा जागतिक हवामान संघटनेच्या २०२२ च्या मूल्यांकनाचा अंदाज आहे. विवराच्या क्षेत्रफळाचा एका दिवसाचा उच्चांक घेऊन 'विवर भरलं' किंवा 'विवर वाढलं' असा आलेख काढू नका. सप्टेंबर-ऑक्टोबरमधली ठरावीक आठवड्यांची सरासरी घ्या, आणि त्या आकड्याशेजारी त्याच काळातलं स्थितांबराचं तापमान लिहा. ते लिहिलेलं नसेल तर मी आलेख परत पाठवते.