आंब्याच्या हंगामाआधी घरच्या कॉम्प्युटरची मेमरी तपासताना

आमच्याकडे देवगडात कलमांवरची कैरी सुपारीएवढी झाली की घरात पेट्या, पेंढा, फवारणीची औषधं यांची यादी निघते. यंदा त्या यादीत मी घरचा कॉम्प्युटरही घातला. गेल्या एप्रिलमध्ये खळ्यात टेम्पो उभा, पेट्या भरलेल्या, आणि बिल छापायला घेतलं तर पडद्यावर नुसतं गोल फिरत राहिलं. टास्क मॅनेजर (कुठला प्रोग्राम किती मेमरी खातो ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला तेव्हा मेमरी ९४ टक्के भरलेली, आणि समोर उघडी होती फक्त बिलाची एक फाइल. घाबरून दिसेल तो प्रोग्राम बंद करत सुटले, त्यात त्या दिवसाच्या ऑर्डरी सेव्ह न होताच गेल्या. एकेका गिऱ्हाइकाला फोन करून पत्ते पुन्हा विचारावे लागले. हे काम हंगामात करायचं नाही, आधी एखादा मोकळा दिवस काढून करायचं, हे तेव्हा पक्कं ठरवलं. आमचं मशीन विंडोज १० चं, ८ जीबी रॅमचं (चालू कामांसाठी वापरली जाणारी मेमरी म्हणजे रॅम) आहे, म्हणून पुढचं सगळं विंडोजला धरून लिहिते.

सुरुवात वही-पेनापासून. नोंदी कागदावरच करा, कारण अडलेल्या मशीनमध्ये ठेवलेल्या नोंदी नेमक्या वेळी उघडत नाहीत. वीज टिकेल असा दिवस धरा, निदान इन्व्हर्टर भरलेला असू दे. ऑर्डरींची पत्रकं, बँकेचे कागद, मुलांचे फोटो पेनड्राइव्हवर घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून खात्री करा. नुसतं कॉपी झालं म्हणून समाधान मानू नका.

मग मशीन रीस्टार्ट करा. शटडाउन नव्हे, रीस्टार्ट. आपण किनारपट्टीचे लोक ढग गडगडले की मशीन बंद करून प्लग काढतो, त्यामुळे आपलं मशीन रोज नव्याने सुरू होतं असं वाटतं. पण २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. ती चालू असेल तर शटडाउन करताना आपले प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणं चालवणारे प्रोग्राम) ज्या स्थितीत असतात ती स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तशीच उचलली जाते. एखाद्या ड्रायव्हरने मेमरी अडवून ठेवली असेल तर ती अडवणूकही सोबत परत येते. रीस्टार्टमध्ये असं होत नाही. शिफ्ट दाबून धरून शटडाउन केलं तरी मशीन पूर्ण बंद होतं.

रीस्टार्टनंतर १५ मिनिटं कशालाही हात लावू नका. सुरुवातीला विंडोजची स्वतःची बरीच कामं चालू असतात, ती उरकू द्या. नंतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर जा आणि आकडे वहीत उतरवा: एकूण किती, ‘इन यूज’ किती, ‘अव्हेलेबल’ किती, ‘कमिटेड’चे दोन्ही आकडे, ‘कॅश्ड’ आणि ‘नॉन-पेज्ड पूल’ (विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर वापरतात ती, डिस्कवर न ढकलता येणारी मेमरी). यातल्या ‘कॅश्ड’ला घाबरू नका. रिकामी पडलेली रॅम विंडोज वाया जाऊ देत नाही, नेहमी लागणाऱ्या गोष्टी आधीच तिथे आणून ठेवते. पडवीत जागा असते तोवर आपण तिथे करंड्या ठेवतो आणि पाहुणे आले की उचलतो, तशी ही जागा हवी तेव्हा लगेच मोकळी होते. खरी काळजी ‘कमिटेड’ची. त्यातला पहिला आकडा म्हणजे प्रोग्रामांना आणि विंडोजला कबूल केलेली मेमरी, दुसरा म्हणजे रॅम आणि पेज फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) मिळून असलेली मर्यादा. पहिला आकडा त्याच्या जवळ पोचला की प्रोग्राम कोसळायला लागतात.

इथेच एक गोष्ट बघून घ्या, जी आपल्या भागात फार महत्त्वाची आहे. एकूण मेमरी जेवढी बसवली आहे तेवढीच दिसते का? खाऱ्या हवेने आणि पावसाळ्यातल्या दमटपणाने रॅमच्या पट्टीचे पिवळे पाय काळवंडतात, आणि दोनपैकी एक पट्टी मशीनला दिसेनाशी होते. ८ जीबीचं मशीन ४ वर आलेलं असतं आणि आपण बिचाऱ्या प्रोग्रामांना दोष देत बसतो. तसं दिसलं तर प्लग काढून, हात एखाद्या धातूला लावून, पट्टी अलगद काढा, पाय मऊ खोडरबराने पुसा, चुरा झटका आणि टक आवाज येईपर्यंत नीट बसवा. लॅपटॉप असेल आणि उघडायची सवय नसेल तर हे काम माहीतगाराकडूनच करून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि याला दिवस लागतो. ‘प्रोसेसेस’मध्ये मेमरीच्या रकान्यावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारे वर येतात. वरचे दहा वहीत लिहा. दर तीन तासांनी तेच पुन्हा लिहा, मधल्या वेळात नेहमीची कामं करा. मोठा कोण आहे हे शोधायचं नाही, वाढत कोण चाललंय ते शोधायचं. विहीर कुठून तरी झिरपते असं वाटलं की सकाळ-संध्याकाळ पाण्याला खूण करतात, तसंच हे. आमच्या वहीत एक ओळ अशी निघाली: सकाळी साडेनऊला ७० एमबी, साडेबाराला ५४०, साडेतीनला १ जीबी, साडेसहाला दीड जीबी. तो होता प्रिंटरच्या सीडीबरोबर आलेला एक मदतनीस प्रोग्राम, शाई किती उरली ते सांगणारा. एरवी खाली कोपऱ्यात गप्प बसलेला, कोणी उघडलेलाही नाही. गेल्या एप्रिलमध्ये घाईमुळे आम्ही मशीन चार दिवस बंदच केलं नव्हतं, रात्री नुसतं स्लीपला टाकत होतो. स्लीपमध्ये प्रोग्राम आहेत तसेच राहतात, त्यामुळे तो दिवसांवर दिवस फुगत गेला. तेवढाच मदतनीस काढून टाकला, ड्रायव्हर ठेवला, छपाई पहिल्यासारखी चालू आहे. एका दुकानात मला सरळ नवीन मशीन घ्यायला सांगितलं होतं, तेव्हा ऐकलं असतं तर हजारो रुपये गेले असते. याचं मला अजून वाईट वाटतं, कारण असं ऐकून मशीन बदललेली घरं मला माहीत आहेत.

वाढ डोळ्यांना फसवू शकते. मेमरी कमी पडायला लागली की विंडोज प्रोग्रामचा काही भाग डिस्कवर ढकलते आणि रकान्यातला आकडा उलट खाली येतो. म्हणून ‘डिटेल्स’मध्ये जाऊन ‘कमिट साइज’ हा रकाना जोडून घ्या. झिरपणारा प्रोग्राम तिथे लपत नाही.

काही नावं बघून हात शिवशिवतो, तो आवरा. ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस. ‘सर्च इंडेक्सर’ नवीन फोटो टाकले की काही वेळ धावतो आणि मग शांत होतो. ‘सर्व्हिस होस्ट’ पन्नास-साठ दिसतात, कारण २०१७ च्या आवृत्तीपासून साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असलेल्या मशीनवर विंडोज या सेवा वेगवेगळ्या चालवते. त्यातली एखादी सारखी वाढत असेल तर बाणावर क्लिक करून आतल्या सेवेचं नाव लिहून घ्या. बाहेरून आणलेले दोन अँटीव्हायरस मात्र एकत्र ठेवू नका.

पुढे ‘स्टार्टअप’. मशीन चालू होताच जे आपोआप सुरू होतात, त्यातले रोज न लागणारे डिसेबल करा. याने प्रोग्राम काढला जात नाही, हवा तेव्हा उघडता येतो. ब्राउझरकडे वेगळं लक्ष द्या. क्रोमच्या सेटिंगमध्ये, बंद केल्यावरही मागे चालू राहण्याची परवानगी असते, ती काढा, आणि ‘मेमरी सेव्हर’ चालू करा. क्रोम उघडं असताना शिफ्ट आणि एस्केप दाबलं की कुठली टॅब आणि कुठलं एक्स्टेन्शन किती खातं ते दिसतं. ऑर्डरी व्हॉट्सअॅपवर येतात, म्हणून आमच्याकडे ते ब्राउझरमध्येही उघडं असायचं आणि अॅपमध्येही. एकच ठेवलं.

रॅम खरोखर अपुरी आहे का, हे ‘रिसोर्स मॉनिटर’ सांगतो. त्यात ‘हार्ड फॉल्ट्स’ (हवी ती गोष्ट रॅममध्ये नसल्याने डिस्कवरून आणावी लागण्याच्या वेळा) हा आकडा अधूनमधून उसळला तर चालतं. सतत शेकड्यांत राहिला, डिस्कचा दिवा विझेना आणि माऊसही अडखळू लागला, तर मशीन रॅमचं काम डिस्ककडून करून घेत आहे. अशा वेळी पेज फाइल बंद करा असा सल्ला मिळतो. तो ऐकू नका. ती विंडोजच्या ताब्यात राहू द्या आणि सी ड्राइव्हवर जागा मोकळी ठेवा. ‘रॅम बूस्टर’ म्हणून मिळणारे प्रोग्रामही घेऊ नका. ते चालू प्रोग्रामांची मेमरी जबरदस्तीने काढून घेतात, आकडा खाली आलेला दिसतो, आणि पुढच्या मिनिटाला तेच सगळं परत आणताना मशीन आणखी अडतं.

सगळ्या प्रोग्रामांची बेरीज ‘इन यूज’पेक्षा खूप कमी भरत असेल आणि ‘नॉन-पेज्ड पूल’ जीबींमध्ये गेला असेल, तर संशय ड्रायव्हरवर घ्या. नेटवर्कचा ड्रायव्हर नवा करून बघा. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं ‘रॅममॅप’ हे मोफत साधन मेमरी कशाकशात वाटली गेली ते दाखवतं.

एवढं करूनही कमीच पडली तर रॅम घ्या, पण कणकवलीला जायच्या आधी वहीत लिहून न्या: डीडीआर ३ की ४, किती स्लॉट भरलेत, डेस्कटॉपची पट्टी की लॅपटॉपची. डीडीआर ३ ची पट्टी ४ च्या जागेत बसतच नाही, तिची खाच वेगळ्या ठिकाणी असते, आणि परत फेरी म्हणजे अख्खा दिवस. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर पैसे आधी एसएसडीवर (फिरता भाग नसलेली, जास्त वेगवान डिस्क) घाला. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, आणि विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम लागते, पण तेवढ्यावर रोजचं काम ओढूनताणूनच होतं.

शेवटी एक पूर्ण दिवस मशीन चालू ठेवून तेच आकडे पुन्हा घ्या आणि पान ऑर्डरीच्या वहीत पहिल्याच पानाला टाचून ठेवा. यंदाच्या आमच्या पानावर सकाळी ३.२ जीबी आहे, संध्याकाळी ३.७. पेट्या पुढच्या आठवड्यात येतील.