जुनी फियाट खानदेशच्या रस्त्यावर परत आणताना

इंजिन बांधून झालं, डेंटिंग-पेंटिंग झालं, वायरिंग नवं पडलं, सीटांना कव्हरं चढली. आता गाडी बाहेर काढायची. इथवर आलेला माणूस पाना कसा धरायचा ते जाणतो, म्हणून त्यापुढचंच सांगतो. पद्मिनी (याच फियाटचं पुढचं नाव) समोर ठेवून लिहितोय, कारण माझे हात तिच्यातच मळलेत: १०८९ सीसीचं इंजिन, बिडाचा ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियमचं हेड, स्टिअरिंगखालचा गिअर. अँबॅसेडरला किंवा जुन्या जीपलाही यातलं बरंचसं लागू पडेल.

पुण्या-नाशकाकडचे जाणकार जे सांगतात ते त्यांच्या हवेत बरोबर असतं. तापीच्या खोऱ्यात एप्रिल-मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास खेळतो, बोअरचं पाणी क्षारांनी भरलेलं असतं आणि हायवेवर सावलीचं झाड शोधावं लागतं. तिकडे निमूट चालणारी गाडी इकडे एरंडोल ते पारोळा जाईपर्यंत तापमानाचा काटा लाल पट्टीत नेते. म्हणून माझ्या हिशेबी खानदेशात गाडी तयार झाली असं तेव्हाच म्हणावं, जेव्हा ती वैशाखातल्या दुपारी काटा जागचा न हलवता चालते.

कागद आधी

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे फॉर्म २५ भरून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करायचं. मुदत संपलेल्या आरसीवर गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, ‘नुसती ट्रायल मारतो’ म्हणूनही नाही. घराचं आवार किंवा शेतातला स्वतःचा रस्ता, एवढीच ट्रायलची जागा. आरटीओत तपासणीला गाडी टो करून न्या.

पहिलं काम म्हणजे रंगाखाली बुजलेला चेसिस नंबर साफ करून आरसीशी अक्षर-अक्षर ताडून बघणं. इंजिन नंबरचंही तेच. जुन्या पुस्तकी आरसीची नोंद सरकारच्या ऑनलाइन ‘वाहन’ प्रणालीत नसेल, तर ती आधी चढवून घ्यावी लागते आणि त्यात वेळ जातो. गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर ती आपल्या नावावर करायला फॉर्म ३१. मुंबई-पुण्याच्या नंबरची गाडी जळगाव किंवा धुळ्याला नोंदवायची असेल तर मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला. थर्ड पार्टी विमा, पीयूसी, पर्यावरण कर आणि नव्या पद्धतीची सुरक्षा नंबरप्लेट या गोष्टी आल्याच. वीस वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क २०२५ मध्ये १०,००० रुपये झालंय, मुदत उलटून गेली असेल तर उशिराचा आकार वेगळा. बजेटात हे धरा.

एक ठाम सांगणं. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतं, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात आणि नोंदणी १० वर्षांची मिळते. ऐकायला छान वाटतं. पण तशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. ज्याला रविवारी पद्मालयाला किंवा पाटणादेवीला घरच्यांना घेऊन जायचंय, त्यानं या फंदात पडू नये. साधं नूतनीकरण करावं.

ब्रेक, टायर, दिवे

ब्रेकचं सगळं रबर नवं, होजसुद्धा (रबरी नळ्या). ब्रेक ऑइल सीलबंद डब्यातलं. सिलिंडर पेट्रोलनं धुवायचे नाहीत, रबर फुगतं. जुन्या फियाटला चारही चाकांचं एकच सर्किट असतं, एक पाइप गळला की पेडल तळाला जातं, म्हणून हँडब्रेक ‘असू दे तसाच’ म्हणून सोडू नका. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही खोल दिसो, दहा वर्षांचं टायर मेच्या डांबरावर चालवायचं नाही. दिवे, वायपर, हॉर्न तपासणीच्या आदल्या दिवशी पुन्हा बघा.

खरं काम: इंजिन थंड ठेवणं

या टप्प्यानं मला सगळ्यात जास्त छळलं. गाडी सकाळी उत्तम चालायची, अकरा वाजले की काटा चढायचा. ज्याला विचारावं त्याचा सल्ला एकच: ‘थर्मोस्टॅट काढी टाक भो, गाडी थंडी राही.’ अजिंठा चौफुलीपासून धुळ्याच्या पारोळा चौफुलीपर्यंत कुठल्याही गॅरेजात हेच ऐकायला मिळेल. कृपा करून हे करू नका. थर्मोस्टॅट, म्हणजे पाण्याच्या वाटेतली तापल्यावर उघडणारी झडप, नुसती अडवणूक करत नाही. बायपास (रॅडिएटर टाळून जाणारी वाट) असलेल्या इंजिनात तो गरम झाल्यावर बायपासची वाट बंद करतो आणि सगळं पाणी रॅडिएटरकडे वळवतो. तो काढला की काही गरम पाणी रॅडिएटरला वळसा घालून परत ब्लॉकमध्ये शिरतं. शिवाय हिवाळ्यात इंजिन कधीच नीट तापत नाही, कच्चं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइल पातळ करतं आणि नव्यानं बसवलेल्या रिंगा झिजतात. थर्मोस्टॅट भांड्यात गरम पाण्यात टाका, थर्मामीटर धरा. ८०-८२ अंशांच्या सुमारास उघडायला लागला तर तो चांगला आहे. नाही उघडला तर नवा बसवा. रिकामी जागा ठेवायची नाही.

मग दोष कुठे असतो? बहुतेक वेळा जिथे कुणी बघत नाही तिथे, म्हणजे ब्लॉकच्या पोटात. ही गाडी वर्षानुवर्षं विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यावर चाललेली असते. न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाला आतून जसा क्षार धरतो, तसा तो वॉटर जॅकेटला, म्हणजे सिलिंडरांभोवतीच्या पाण्याच्या पोकळीला, धरतो, आणि त्यात गंज आणि ओतकामातली जुनी वाळू मिसळून मागच्या सिलिंडरांभोवती चिखल घट्ट बसतो. पुढचे सिलिंडर थंड राहतात, मागचा भाजतो. इंजिन बांधणाऱ्यानं सिलिंडरचा बोअर, क्रँक, व्हॉल्व्ह सगळं केलेलं असतं, पण वॉटर जॅकेट कुणी उपसलेलं नसतं. रिबोअर केलेलं (सिलिंडर आतून घासून मोठे केलेलं) इंजिन आधीच घट्ट असतं आणि पहिले काही दिवस जास्त तापतं, त्यात हा चिखल.

ओळखायची सोपी खूण सांगतो. ब्लॉकच्या बाजूला पाणी काढायची तोटी असते. इंजिन थंड असताना ती उघडा. पाणी धारेनं आलं तर ठीक. थेंब-थेंब आलं किंवा काहीच आलं नाही, तर तोटी पूर्ण काढा आणि भोकात सायकलचा स्पोक घाला. टोक मऊ गाळात रुतलं की निदान झालं. मग बाजारातली फ्लशची बाटली ओतून भागत नाही. ब्लॉकच्या बाजूच्या पत्र्याच्या गोल टोप्या, ज्यांना गॅरेजात डब्बी म्हणतात, त्या काढायच्या, वाकवलेल्या तारेनं आतला गाळ ओढून काढायचा आणि पाण्याचा जोर उलट्या दिशेनं द्यायचा: हेडच्या तोंडातून आत, खालच्या पाइपाकडून बाहेर. काळं-तपकिरी पाणी स्वच्छ होईपर्यंत. डब्ब्या नव्या, पितळी मिळाल्या तर पितळी.

राहिलेल्या क्षारासाठी लिंबूसत चालतं, लिटरला पन्नासेक ग्रॅम, कोमट पाण्यात. पण हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. हेड बसलेलं असताना हे द्रावण अर्ध्या तासावर ठेवू नका, रात्रभर तर मुळीच नाही, आणि नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन साध्या पाण्यानं दोनदा निथळवा. हेड खोललेलं असेल तर ब्लॉक एकटा सावकाश धुता येतो, म्हणून हे काम इंजिन बांधतानाच झालेलं उत्तम.

रॅडिएटर. वरून रंग मारलेला रॅडिएटर आतून मोकळा असतोच असं नाही, आणि जाड रंगाचा थर उष्णता अडवतो, त्यामुळे पातळ काळा हातच द्या. तापमान मोजायची बंदूक आता सहज मिळते. गाडी गरम झाल्यावर जाळीवर चौकोन-चौकोन फिरवून बघा. मधेच एखादा पट्टा थंड लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. त्या रॉडिंग करून (आत सळई घालून) उघडतात, नाहीतर कोअर (नळ्यांची जाळी) नवा. कोअर बदलताना तांब्या-पितळेचाच मागा. पाण्याचा पंप खोलून त्याचं पातं बघा, गंजून अर्धं उरलेलं असतं. खालचा होज हातानं दाबून बघा: जोरात रेस केल्यावर तो आत चिपकत असेल तर पाणी अडतं, आतली स्प्रिंग नसेल तर घाला. फॅन बेल्ट अंगठ्यानं दाबल्यावर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खाली जावा. पंख्याची पाती उलटी बसलेली मी स्वतः पाहिली आहेत, कागदाचा तुकडा धरून हवा इंजिनाकडे जोरात जाते का बघा.

रॅडिएटरच्या कॅपवरून दोन शब्द. चौरस इंचाला एक पौंड दाबामागे पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण दीड अंशानं वर जातो, म्हणून ढिल्या रबराची कॅप असेल तर पाणी लवकर उकळतं. पण ‘मारुतीची जास्त दाबाची बसव’ हा सल्ला ऐकू नका. जुन्या रॅडिएटरचे डागाचे जोड तो दाब झेलत नाहीत. कंपनीनं दिलेल्या दाबाचीच नवी कॅप घ्या.

आत काय भरायचं? बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणी आणि चांगलं कुलंट, निम्मं-निम्मं; नाही जमलं तर तीन भाग पाण्याला एक भाग कुलंट. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून कुलंट कशाला, असं म्हणणाऱ्यांनी त्याचं दुसरं काम लक्षात घ्यावं: ते गंज रोखतं आणि उकळण्याची मर्यादा वाढवतं. बोअरचं पाणी पुन्हा टाकलंत तर वरची सगळी मेहनत दोन-तीन उन्हाळ्यांत वाया.

एवढं करूनही काटा चढत असेल तर पाण्याचा पिच्छा सोडा आणि डेल्को (स्पार्क वाटणारा डिस्ट्रिब्युटर) उघडा. टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे असेल किंवा मिक्श्चर पातळ (हवेच्या मानानं पेट्रोल कमी) असेल तर इंजिन तापतंच, रॅडिएटर कितीही मोठा बसवा. डेल्कोतल्या पॉइंटचा गॅप आधी, टायमिंग नंतर, कार्ब्युरेटर शेवटी. हा क्रम उलटा केला की दिवसभर सोलेक्स कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवत बसाल.

आणि गाडी तापलीच तर? बाजूला घ्या, बंद करा, बॉनेट उघडा, अर्धा तास काहीही करू नका. ढाब्यावरचा कुणीतरी कळशी घेऊन धावत येईल. त्याला प्रेमानं थांबवा. तापलेल्या अ‍ॅल्युमिनियम हेडवर थंड पाणी पडलं की ते वाकतं किंवा तडकतं, हेड पॅकिंग जातं ते वेगळंच. कॅप गरम असताना उघडणाऱ्याचे हात-तोंड भाजतात. मी हे होताना पाहिलंय, म्हणून इतकं कळकळीनं सांगतोय.

पेट्रोलची वाफ

पाणी थंड, काटा मध्यावर, तरीही चहाला थांबल्यावर गाडी पुन्हा सुरू होत नाही. हा तापण्याचा दोष नाही. मेकॅनिकल पेट्रोल पंप ब्लॉकला चिकटलेला असतो. इंजिन बंद झाल्यावर हवा थांबते, ब्लॉकची उष्णता पंपात उतरते आणि आत पेट्रोलची वाफ होते. इथेनॉल मिसळलेल्या आजच्या पेट्रोलनं हे वाढलंय. पंप आणि ब्लॉकमध्ये उष्णतारोधक जाड पॅकिंग शाबूत हवं, पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून दूर वळवून त्यावर उष्णतारोधक नळी चढवा. रस्त्यात अडकलात तर पंपावर ओलं फडकं ठेवा, दहा मिनिटांत गाडी लागते.

त्याच इथेनॉलसाठी जुने रबरी पाइप आणि पंपाचा जुना पडदा आजच काढून टाका. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुनं रबर मऊ करतं, मग ते गळतं, आणि गरम मॅनिफोल्डवर गळणारं पेट्रोल म्हणजे आग. नवे पाइप इथेनॉल चालणारे मागून घ्या. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीत हे पेट्रोल तसंच सोडू नका, ते पाणी धरतं. सीटजवळ आग विझवायचा छोटा सिलिंडर ठेवा.

चालवून बघणं

आवारात दुपारी दोनला अर्धा तास आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, इंजिन चालू) उभी ठेवा. इथे काटा टिकला नाही तर रस्त्यावर नेऊच नका.

कागद हातात आल्यावर पहाटे घराजवळ छोट्या फेऱ्या. मग जळगावहून पाचोऱ्याकडचा सपाट रस्ता, आधी सकाळी, नंतर उन्हात. धुळेकरांना लळिंगचा चढ चांगला आहे. दर थांब्याला खाली वाकून गळती बघा, चाकांच्या ड्रमला हात लावून एखादा जास्त गरम आहे का पाहा: तो ब्रेक धरून बसलाय. सगळ्यात शेवटी चाळीसगावहून कन्नड घाट, तोही सकाळी, दुसरी गाडी मागे ठेवून. चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन ओढायला लावू नका. खालचा गिअर टाका म्हणजे पंप आणि पंखा दोन्ही जोरात फिरतात. उतरताना त्याच गिअरमध्ये उतरा, ड्रम ब्रेक सतत दाबले की घाटाच्या खालच्या वळणांवर काम करेनासे होतात.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर ऑइल बदला, २०डब्ल्यू-५० ग्रेडचं घाला. त्याच दिवशी, इंजिन पूर्ण थंड असताना, हेडचे बोल्ट कंपनीच्या क्रमानं टॉर्क पान्यानं (ठरल्या जोरानंच आवळणारा पाना) पुन्हा आवळा. मग व्हॉल्व्हचं क्लिअरन्स (फट) परत मोजा, हेड बसलं की ते बदलतं.