बोटीच्या इंजिनला लिफ्टर कोणते, सॉलिड रोलर का हायड्रॉलिक?
पैठणचा दोस्त विचारत होता, स्पीडबोटीच्या व्ही-एट इंजिनात कोणते लिफ्टर टाकू. लिफ्टर म्हणजे कॅमवर (व्हॉल्व्ह उघडायला लावणारा फिरता दांडा) टेकून पुशरॉडला, म्हणजे वरच्या दांडीला, ढकलणारा तुकडा; रोलरला खाली छोटं चाक असतं. आता जुन्या बुलेटचं टॅपेट सेटिंग आठवतं ना, सॉलिडचं तसंच, व्हॉल्व्हजवळचा गॅप सारखा बघावा लागतो, फक्त इथं फीलर गेजनं (पातळ पट्ट्यांच्या मापानं), व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कडक, अन् बोट निवांत हळू चालवली की चाकातल्या नीडल बेअरिंगला (बारीक सळयांच्या) उडणारं ऑइल कमी पडतं, तिथंच ते मरतात. मग कॅमपण गेला समजा! हायड्रॉलिक ऑइल प्रेशरवर गॅप स्वतःच भरतं, पण आरपीएम लई वाढला की व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. म्हणून आधी आरपीएम ठरवा राव. ६००० च्या आत असाल तर हायड्रॉलिकच, रेसिंगला ७००० च्या वर न्यायचं तरच सॉलिड. अन् कॅम, स्प्रिंगा, पुशरॉड लिफ्टरला जुळणारेच घ्या, जुन्यावर भागवू नका.