न्यायासाठी लढणाऱ्या धर्मगुरूला नास्तिकाने कसे स्वीकारावे

एखादा धर्मगुरू वंशभेदाविरुद्ध किंवा गरिबांच्या हक्कांसाठी ठामपणे उभा राहतो, तेव्हा ज्या श्रद्धेचा आपण प्रतिवाद करतो तिच्याच प्रतिनिधीला आपले म्हणावे का, असा पेच देव न मानणाऱ्यांपुढे पडतो. म्हणावे, असे माझे मत आहे. मात्र आपण नेमके काय स्वीकारत आहोत, हे आधी ठरवावे. त्याच्या कार्यात साथ देणे, त्याच्याविषयी आदर बाळगणे आणि त्याचा नैतिक अधिकार मान्य करणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन खुशाल कराव्यात. तिसरी कोणाच्याही बाबतीत करू नये, मग तो नेता नास्तिक का असेना.

त्यानंतर त्याचे काम दानधर्माचे आहे की न्यायाचे, हे पाहावे. ब्राझीलचे आर्चबिशप हेल्डर कामारा म्हणत असत की, मी गरिबांना अन्न देतो तेव्हा लोक मला संत म्हणतात, पण गरिबांकडे अन्न का नाही असे विचारले की मला कम्युनिस्ट ठरवतात. हा दुसरा प्रश्न विचारणारा माणूस आपल्या कामाचा आहे. केवळ सेवा करणाऱ्याचे आभार मानावेत आणि पुढे जावे.

धर्मग्रंथ ही कसोटी ठेवू नये. दक्षिण आफ्रिकेत डच रिफॉर्म्ड चर्चने वर्णद्वेषी राजवटीचे समर्थन ज्या बायबलच्या आधारे केले, त्याच बायबलच्या आधारे तेथील अँग्लिकन आर्चबिशप डेस्मंड टुटू तिच्याविरुद्ध उभे राहिले. म्हणून वचने बाजूला ठेवून, हा माणूस स्वधर्मीयांपैकी कोणाचा रोष ओढवून घेतो, हे तपासावे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे धर्मोपदेशक मार्टिन ल्यूथर किंग यांनी 1963 मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेले प्रसिद्ध पत्र त्यांच्या आंदोलनावर टीका करणाऱ्या आठ गोऱ्या धर्मगुरूंना उद्देशून होते, ही बाब पुरेशी बोलकी आहे. त्याच पत्रात अन्यायकारक कायदा कोणता हे सांगताना किंग संत ऑगस्टीन आणि थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वचिंतकांचा आधार घेतात. तेव्हा अशा माणसाला ‘मनातून तो आपल्यासारखाच होता’ असे म्हणून नास्तिकांच्या रांगेत बसवू नये. त्याची प्रेरणा धार्मिक होती हे मान्य करून, त्याचा निष्कर्ष आपण आपल्या कारणांनी स्वीकारतो, असे सरळ सांगावे.

हे प्रत्यक्षात कसे जमते, हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. धर्मोपदेशकाचे हे पुत्र स्वतः अश्रद्ध होते आणि 1970 मध्ये अमेरिकन ह्युमॅनिस्ट असोसिएशनने त्यांचा वर्षातील मानवतावादी म्हणून गौरव केला. 28 ऑगस्ट 1963 च्या, नागरी हक्कांसाठी निघालेल्या वॉशिंग्टन मोर्चाचे नेतृत्व त्यांच्याकडे होते आणि सुमारे अडीच लाख लोकांच्या त्या सभेत किंग यांचे भाषण झाले. पण या युतीची किंमतही मोजावी लागली. जॉन लुइस या तरुण कार्यकर्त्याच्या भाषणातील जहाल मजकूर वगळला नाही, तर प्रारंभीची प्रार्थना म्हणणार नाही, अशी भूमिका वॉशिंग्टनच्या आर्चबिशपनी घेतली, आणि अखेर लुइस यांना भाषण सौम्य करण्याची विनंती रँडॉल्फ यांनाच करावी लागली. अशी तडजोड कोठपर्यंत करायची, याची मर्यादा मंचावर जाण्यापूर्वीच आपसात ठरवलेली बरी, कारण ऐन वेळी ती नेहमी दुबळ्या सहकाऱ्याच्या गळ्यात पडते.

प्रार्थना आणि शपथा यांबाबत संकोच न करता आधीच बोलावे. आंध्रमधील नास्तिक कार्यकर्ते गोरा यांच्या मुलीचा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील तरुणाशी विवाह सेवाग्राम आश्रमात व्हायचा होता, तेव्हा विधीतील ईश्वराच्या जागी सत्याचा उल्लेख करण्यास गांधीजींनी संमती दिली. गांधीजी रूढ अर्थाने धर्मगुरू नव्हते, हे खरे. तरी त्यांचे सार्वजनिक जीवन प्रार्थनेशी जोडलेले होते आणि तडजोडीची जागा त्यातही निघाली. जेथे ती निघत नाही, तेथे प्रार्थनेच्या वेळी शांत उभे राहावे; हात जोडण्याचा देखावा करू नये.

पाठिंबा मुद्द्यापुरता ठेवावा आणि तो तसाच जाहीर करावा. पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये हवामानबदल आणि दारिद्र्य यांचा संबंध परखडपणे मांडला, 2018 मध्ये मृत्युदंड अस्वीकारार्ह असल्याची चर्चची अधिकृत शिकवण केली, पण स्त्रियांना पुरोहितपद मात्र नाकारलेलेच राहिले. पहिल्या दोन मुद्द्यांवर त्यांच्या बाजूने बोलणाऱ्याने तिसऱ्या मुद्द्यावर त्याच आवाजात विरोध नोंदवावा. तो खासगी गप्पांपुरता राखून ठेवू नये. मतभेद असूनही सोबत काम करता येते. मात्र तो नेता आपल्याच संस्थेत लैंगिक अत्याचार झालेल्यांना गप्प बसवत असेल, तर बाहेरच्या अन्यायावरील त्याची भाषणे कितीही चांगली असली, तरी साथ तेथेच आणि जाहीरपणे थांबवावी.