‘हो सर’ म्हणण्याआधी: ज्युनियरशिपच्या पहिल्या वर्षाविषयी

पहिल्या वर्षी माझ्यामुळे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा दावा हातचा जायची वेळ आली होती. तीन वर्षं होत आली, तरी कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर, टाइप करायला बसले की आधी तेच आठवतं.

मी तालुक्याच्या कोर्टात एका सीनियर वकिलांकडे, म्हणजे सरांकडे, ज्युनियर म्हणून काम करते. घरात वकील कोणी नाही, वडील शेती करतात. सनद, वकीलपत्र, रोजनामा हे तुम्हाला माहीत आहे असं धरते आणि जिथे मी पडले तेवढंच नीट सांगते.

दावा रस्त्याचा होता, शेजाऱ्याने लावलेला; आमचा पक्षकार, तो म्हातारा शेतकरी, प्रतिवादी. आमच्या पक्षकाराच्या बांधावरून आपली गाडी-ट्रॅक्टर नेण्याची वहिवाट आहे, ती अडवू नये, असं शेजाऱ्याचं म्हणणं. समन्स बजावल्यापासून कैफियतीला 30 दिवस, मुदत मागून 90. आमचे 80 उलटून गेले होते. सरांनी फाइल माझ्याकडे दिली. मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवरची वाटपाच्या दाव्यातली एक जुनी कैफियत उघडली, नावं, गट नंबर, चतुःसीमा बदलल्या आणि ‘मजकूर खरा नसून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही’ ही ओळ कलमागून कलम खाली ओढत नेली. जुनी कैफियत आठ कलमांपुरती होती, हा दावा अकरा कलमांचा. आठव्यानंतर मी थेट दाव्याचं कारण आणि कोर्ट फीच्या कलमांवर आले. नववं राहून गेलं.

संध्याकाळी सरांनी विचारलं, “दावा शब्द न् शब्द वाचलास ना?”

मी म्हणाले, “हो सर.”

खरं तर नववं कलम मी चाळलं होतं आणि ते मला कळलं नव्हतं. वहिवाटीचा हक्क कसा तयार होतो हे मला येत नव्हतं, आणि विचारलं तर ‘हिला एवढंही येत नाही’ असं होईल याची भीती वाटली.

आता हे सावकाश वाचा. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 8 नियम 3 सांगतो की वादीचं प्रत्येक म्हणणं नेमकेपणाने नाकारावं लागतं. नियम 4 म्हणतो, नकार मोघम नको. आणि नियम 5 म्हणतो, जे नाकारलं नाही ते कबूल केलं असं धरलं जाईल. कोर्ट स्वतःच्या अधिकारात पुरावा मागू शकतं, पण त्या भरवशावर कोणी कैफियत लिहीत नाही. आमच्या नवव्या कलमात काय होतं? ‘वादी सदर रस्ता 20 वर्षांहून अधिक काळ उघडपणे, हक्काने व विनाअडथळा वापरत आहे.’ सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्यासारखा हक्क) कायदा 1882 चं कलम 15 उघडून बघा. वहिवाटीने हक्क मिळायला नेमकं हेच लागतं, 20 वर्षांसकट. दाव्याचा सगळा जीव त्या एका कलमात होता, आणि माझ्या हाताने आम्ही तो गप्प राहून कबूल केला होता.

मुद्दे काढायच्या, म्हणजे वाद नेमका कशावर आहे हे कोर्ट ठरवतं त्या तारखेला समोरच्या वकिलांनी ते बोट ठेवून दाखवलं. मी मागच्या बाकावर होते. हात गार पडले.

बाहेर आल्यावर सरांनी एवढंच विचारलं, “नववं वाचलं होतंस?” मी नाही म्हणाले. कळलं नव्हतं, हेही सांगितलं. कैफियतीच्या दुरुस्ती अर्जात ‘टायपिंगची चूक’ लिहावं असं मी सुचवलं. बाररूममध्येही दोघांनी तेच सांगितलं होतं. सरांनी ते लिहू दिलं नाही. कलम 9 ला उत्तर द्यायचं आमच्याकडून राहून गेलं, असं सरळ लिहिलं आणि युक्तिवादात उभं राहून स्वतःची चूक म्हणून सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. दुरुस्ती मंजूर झाली, 2,000 रुपये खर्च बसला, तो त्यांनी पक्षकाराकडून घेतला नाही. पुरावा सुरू झालेला नव्हता म्हणून निभावलं. त्यानंतर आदेश 6 नियम 17 चं परंतुक, म्हणजे सुनावणी सुरू झाल्यावर दुरुस्ती सहसा न देण्याची अट, आडवं येतं.

म्हणून सीनियर निवडताना बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या यादीत, त्यांच्या किती केसेस लागतात हे मोजत बसू नका. तुमचा मसुदा लाल शाईने भरून परत येतो का, ते बघा. मोठ्या ऑफिसात दोन वर्षं फक्त तारखा घेणारे ज्युनियर मी पाहिलेत, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

20 मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट घातली. किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचं प्रमाणपत्र लागतं म्हटल्यावर ओळखीत सही शोधणारे दिसू लागले. मला हे पटत नाही, स्पष्टच सांगते. सही मिळेल, पण साक्षीदार खोटं बोलताना कसा दिसतो हे कुठून शिकणार?

पैशाचं म्हणाल, तर भारतीय बार कौन्सिलने ऑक्टोबर 2024 मध्ये ज्युनियरला दरमहा ग्रामीण भागात 15,000 आणि शहरात 20,000 रुपयांची शिफारस केली. आमच्या बाररूममध्ये तेवढं मिळणारा ज्युनियर मला भेटलेला नाही. प्रवासखर्चाचं तरी पहिल्याच दिवशी बोलून घ्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि घाबरू नका. न समजलेलं विचारल्याबद्दल मला आजवर कोणी ऑफिसातून काढलेलं नाही. सर चिडतात, मग पुस्तक काढून देतात. आता मी दाव्याची प्रत घेऊन प्रत्येक कलमासमोर पेन्सिलने लिहिते: कबूल, नाकबूल, कळलं नाही. तिसऱ्या खुणेची कलमं घेऊन त्यांच्या टेबलापुढे उभी राहते. पोट अजूनही ढवळतं.

पुढच्या महिन्यात त्याच दाव्यात वादीचा उलटतपास आहे. नवव्या कलमावरचे प्रश्न सरांनी मला काढायला सांगितलेत. मी काढलेल्या सतरांपैकी सहा त्यांनी खोडले. त्यातले दोन का खोडले, ते मला कळलेलं नाही. उद्या सकाळी विचारणार आहे.