शिडाच्या होडीतून दिवसभराची किनारी सफर : निघण्यापूर्वीची तयारी

या तयारीची सुरुवात सामानापासून नव्हे, तर परतीच्या वेळेपासून करावी. जाताना वारा पाठीशी असला की अंतर कधी कापले गेले हे कळतही नाही. परतताना मात्र तोच वारा समोरून आला, तर होडीला नागमोडी मार्गाने यावे लागते, त्यामुळे कापायचे अंतर सुमारे दीडपट होते आणि प्रवाह विरुद्ध असल्यास वेळ त्याहूनही वाढतो. म्हणून सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधी किनाऱ्याला लागायचे असे धरून मागे मोजत यावे आणि कुठेही पोहोचलो असलो तरी कोणत्या घटकेला होडी वळवायची, ते आदल्या रात्रीच कागदावर लिहावे.

हा हिशेब भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाशिवाय पुरा होत नाही. जिथे दिवसातून दोनदा भरती येते तिथे पाणी साधारण सव्वासहा तास चढते आणि तितकाच वेळ उतरते. पण हा चढउतार एकसारखा नसतो, मधल्या दोन तासांतच जवळपास निम्मे पाणी हलते आणि प्रवाहाचा जोरही तेव्हाच सर्वाधिक असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असल्याने हे सारे आणखी तीव्र होते. खाडीच्या मुखाशी ओहोटीचा प्रवाह आणि समोरून येणारा वारा यांची गाठ पडली की लाटा आखूड आणि उभ्या होतात. लहान होडीने अशा वेळी तिथून जाऊ नये, हे उत्तम.

हवामानाच्या अंदाजात वाऱ्याचा सरासरी वेग पाहून थांबू नये, झोतांचा वेगही पाहावा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे दहा नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) वारा चौदा नॉट झाला की शिडावरचा भार जवळपास दुप्पट होतो. उन्हाच्या दिवशी दुपारी खारे वारे जोर धरतात, याचीही नोंद ठेवावी. शीड आखडण्याचा, म्हणजे वारा वाढल्यावर त्याचा काही भाग गुंडाळून ते लहान करण्याचा, सराव धक्क्याशी, होडी बांधलेली असतानाच करून घ्यावा.

होडीच्या तळाचे बूच, सुकाणूची बिजागरे आणि डोलकाठीला ताण देणाऱ्या तारांच्या खिळी हाताने चाचपून पाहाव्यात. नुसत्या नजरेवर विसंबू नये. नांगराचा दोर भरतीच्या वेळच्या खोलीच्या सातपट तरी असावा आणि त्याचे दुसरे टोक होडीला पक्के बांधलेले असावे (ही गोष्ट अनेकदा नांगर टाकल्यावरच आठवते). इंजिन असल्यास इंधनाचा एक तृतीयांश भाग जाण्यासाठी, एक परतीसाठी आणि एक अडचणीसाठी राखावा. वल्ही तरीही घ्यावीत. पाणी, खाणे, टोपी आणि कोरडे कपडे यांबद्दल वेगळे सांगायला नको.

लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचे असावे आणि धक्का सोडण्यापूर्वीच अंगात चढवलेले असावे, कारण पाण्यात पडल्यावर ते घालणे पोहणाऱ्यालाही जड जाते. मोबाइल जलरोधक पिशवीत ठेवावा, मात्र त्याच्या जोडीला हातातला व्हीएचएफ रेडिओ (समुद्रावर संपर्कासाठी वापरतात तो बिनतारी संच) असावा. त्याचा चॅनल 16 संकटाच्या हाकेसाठी आहे, हे होडीतील प्रत्येकाला माहीत असावे.

किनाऱ्यावरील एका जबाबदार व्यक्तीजवळ होडीचा रंग, माणसांची संख्या, ठरलेला मार्ग, परतीची वेळ आणि त्या वेळेनंतर किती थांबून बचाव यंत्रणेला कळवायचे, हे लिहून द्यावे. परत आल्यावर त्या व्यक्तीला सर्वांत आधी फोन करावा, मग शिडे उतरवावीत.